सतरा नंबरचं मशीन

देगू शहरात, बसस्थानकाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर
पे मल्सुनबाईंचं गेमघर आहे.
बहात्तर खुर्च्या, बहात्तर पडदे
आणि कोपऱ्यात एक शेगडी,
तिच्यावर रात्रभर रामयन रटरटत असतं.
बाई स्वतः खेळत नाहीत.
नवरा गेला तेव्हा धंदा पदरी पडला
आणि पवित्र झाला, इतकंच.

मंगळवारी हिरव्या कंपनीचा माणूस आला.
त्याच्याकडे आलेख होते: उंच हिरवे खांब
आणि शेजारी लाल, बुटके, मान खाली घातलेले.
गुरुवारी लाल कंपनीचा आला.
त्याच्याकडेही तेच खांब,
फक्त मान कुणी खाली घालायची ते बदललं होतं.
जाताना दोघांनीही छत्री भेट दिली.
बाईंकडे आता नऊ छत्र्या आहेत, डोकं एक.

प्रोसेसरवाल्या निळ्या कंपनीचं निराळंच.
एके काळी तिचं नाव कुणी विचारायचंही नाही,
मीठ आणावं तसं आणायचे.
आता तिचा माणूस स्वतःहून फोन करतो,
गुडघेदुखीची चौकशी करतो,
मग हळूच विचारतो, लालवाले येऊन गेले का.

ओ दोग्यम सतरा वर्षांचा.
एका सेकंदाचे दोनशे चाळीस तुकडे
त्याला वेगवेगळे दिसतात, असं तो शपथेवर सांगतो.
आईचे सहा फोन दिसत नाहीत.
तो हिरव्यांचा. त्याचा जिवलग ताक इन्हो लालांचा.
शनिवारी सावल्या कुणाच्या जास्त खऱ्या पडतात
यावरून जुंपली,
तेव्हापासून दोघं तीन खुर्च्या सोडून बसतात.
दोघांच्याही घरी काँप्युटर नाही.

आणि मग चौकापलीकडे नवं गेमघर उघडलं,
नवी कोरी कार्डं, काचेआड दिवे लावून ठेवलेली.
आठवड्यात अकरा पोरं तिकडे गेली.
त्यातला एक परत आला, रामयनसाठी.

बाईंनी मशीनच्या पाठीशी हात नेला,
तळहात नव्हे, उलटा हात,
ताप बघतात तसा.
त्यांनी दोन्ही विक्रेत्यांना एकच विचारलं:
ऑगस्टमध्ये हे किती तापतं, आणि वीज कोण भरणार?
दोघांनी कागद चाळले.
याचा आलेख कुणाकडेच नव्हता.

देवमासे झुंजले की कोळंबीची पाठ मोडते,
अशी तिकडे म्हण आहे.
बाई म्हणाल्या, कोळंबीकडे फोन असला तर?
मग सकाळभर याचा भाव त्याला,
त्याचा भाव याला,
मधे बार्लीचा चहा.
दुपारपर्यंत किंमत चारदा उतरली,
संध्याकाळी एक विक्रेता रडवेला झाला,
दुसऱ्याने दहावी छत्री पाठवली.

कुठला रंग घेतला ते मी सांगत नाही,
नाहीतर तुम्हीही
तीन खुर्च्या सोडून बसाल.

एकाहत्तर मशीनं रातोरात बदलली.
सतरा नंबर राहिलं.
तिथे मो ग्युचल बसतात, निवृत्त बसचालक,
आठ वर्षं जुनं कार्ड, पंखा किंचित खरखरणारा.
म्हणाले, मला याच्या आवाजाची सवय आहे,
गिअर अडकल्यासारखा येतो.
ते बादुक खेळतात. काळे दगड, पांढरे दगड.
सावल्या नाहीत.

काल एका खेळीवर त्यांनी अकरा मिनिटं विचार केला.
आजूबाजूला बंदुका, घोडे, आगीचे लोळ,
दोग्यमचं ओरडणं, इन्होचं त्याहून मोठ्यानं ओरडणं.
आणि सतरा नंबरचं मशीन
तेच चित्र सेकंदाला साठ वेळा
नव्यानं काढत राहिलं,
एकोणचाळीस हजार सहाशे वेळा,
एकही दगड न हलवता.

मग म्हाताऱ्यांनी माउस उचलला,
पुन्हा खाली ठेवला,
आणि रामयन मागवलं.